वेणी चामड्याची

तीन पेडांची वेणी आपण सगळ्याच घालतो. आज ऐका कच्च्या चामड्याच्या वेणीची गोष्ट, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची.

१७६९ पासून स्पॅनिश लोक तिथे वसले, गुरं-घोडी घेऊन. पुढे मेक्सिकोच्या राजवटीत कातडी हेच तिथलं चलन झालं. बोस्टनची जहाजं कातडी भरून नेत आणि तशाच कातड्याचे जोडे परत आणून चढ्या भावाने विकत. माल यांचा, कमाई त्यांची!

पण तिथले गुराखी, म्हणजे वाकेरो, थोडं कातडं घरी ठेवत. ते कमावत नसत. केस काढून ताणून वाळवायचं, गोल गोल कापत एक लांब वादी काढायची, ओलसर करून चार, सहा, आठ पेडांत विणायची. वाळली की वीण घट्ट बसते. त्यातून गुरं धरायचा ६० फुटी फासदोर होई, आणि आपल्या म्होरकीसारखा 'बोसाल'. त्याने तोंडात लोखंड न घालता घोडा वळतो.

लुईस ओर्तेगा हे काम एका वृद्ध आदिवासी कारागिराकडून शिकले. १९८६ साली अमेरिकेने त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान दिला.

जोडे करणाऱ्याला पैसा मिळाला, वेणी घालणाऱ्याला मान. नुसतं कातडं विकणाऱ्याला काय उरलं? चिंच पोत्याने विकायची की फोडून, हे गटात ठरवताना एवढं आठवा.