मुक्या जनावराचे दात

श्रोतेहो, बाजारात बैल घेताना तुम्ही आधी काय पाहता? दात! आदत, दुसा, चौसा, जुळलेला; दातांवरून वय ठरते आणि वयावरून किंमत. पण माणसाने जनावराच्या तोंडात पाहिले ते बहुधा आपल्या व्यवहारापुरते. दारातल्या कुत्र्यामांजराच्या तोंडात तर कोण डोकावतो? "कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच," असे म्हणून आपण मोकळे होतो. तो वास पुष्कळदा रोगाचा असतो, बरं का. हे माणसाला कसे उमगले, ते थोडक्यात पाहू.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लेवेनहूक नावाचा एक कापडव्यापारी होता. स्वतः घासून केलेल्या भिंगांतून जग न्याहाळण्याचा त्याला नाद. तो रोज मिठाने दात घाशी. तरीही दातांच्या फटीत पांढरा थर उरे. तो त्याने भिंगाखाली धरला, तो काय, त्यात बारीक जीव वळवळत होते! १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्र लिहिले. दातांवरचा मळ जिवंत आहे, हे असे कळले.

पण हा थरच हिरड्या बिघडवतो, याचा पुरावा मिळायला जवळजवळ तीनशे वर्षे जावी लागली. १९६५ साली हाराल्ड लोए आणि त्यांचे सहकारी यांनी डेन्मार्कमधील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. बारा निरोगी माणसांनी दात घासणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागताच त्या बऱ्या झाल्या.

मग पाळी आली कुत्र्यांची. स्वीडनचे यान लिंडे, हे लोए आणि त्यांचे सहकारी यांनी बीगल जातीच्या कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाचे दात दिवसातून दोनदा घासत. दुसऱ्याचे घासतच नसत. चार वर्षे हा क्रम चालला. १९७५ साली निष्कर्ष छापून आला. घासलेल्यांच्या हिरड्या शाबूत होत्या. न घासलेल्यांच्या सुजल्या, आणि त्यांतील बहुतेकांच्या दातांभोवतालचे हाडही झिजले होते. माणसाच्या दंतवैद्यकाला या कुत्र्यांनी मोठा धडा दिला. पण त्यांच्याच भाऊबंदांना त्याचा लाभ आपण किती देतो?

कुत्र्याला दात बेचाळीस, मांजराला तीस. कुत्र्याची लाळ आम्लारी असते. त्यामुळे दात किडणे कमी, पण थर घट्ट होऊन किटण धरणे झपाट्याचे. मांजराच्याही हिरड्या असाच दगा देतात. म्हणून पिल्लू लहान असतानाच सवय लावा. बोटाला ओले, मऊ फडके गुंडाळून किंवा मऊ ब्रशने दातांची बाहेरची बाजू हिरडीलगत रोज घासा. आपली पेस्ट मात्र नको. जनावर ती गिळते, आणि काही पेस्टींतले झायलिटॉल कुत्र्याला विषारी ठरते. कडक हाडाने दात फुटतो, तेही टाळा. किटण एकदा घट्ट धरले, की ते खरवडू नका. पशुवैद्यच भूल देऊन ते काढतात.

गुरुजी, शाळेत दात घासण्याचा पाठ द्याल, तेव्हा मुलांना एवढेही सांगा: आपला दात दुखला तर आपण ओरडतो; कुत्रा मात्र दुखरा दात घेऊन मुकाट्याने भाकरी खात राहतो. म्हणून आपणच त्याच्या तोंडात पाहायला हवे.