टी-शर्टची उलटी बाजू

मंडळी, आधी एक काम करा. अंगातल्या टी-शर्टची खालची कडा उलटून बघा. बाहेरून दोन समांतर शिलाया आणि आतून जाळीसारखे दोरे दिसतील. ही कव्हरस्टिच. आता बगलेखालची शिवण बघा. तिथे दोन्ही कापडांच्या कडा दोऱ्यांनी गुंडाळून टाकल्यात. हे ओव्हरलॉक. (अमेरिकेत सर्जर, आणि आपल्याकडच्या बऱ्याच टेलरांचं 'इंटरलॉक'.)

म्हणजे एका साध्या टी-शर्टाला दोन वेगळी मशीनं. मग घरी शिवायला एकच घ्यायचं असेल तर कुठलं? उत्तर शोधता शोधता मी थेट १९व्या शतकात पोचलो :)

ओव्हरलॉकची गोष्ट अमेरिकेतल्या कनेक्टिकटची. तिथल्या मेरो कुटुंबाने १८३८ मध्ये विणलेल्या कपड्यांची गिरणी काढली, तीही स्फोट झालेल्या बंदुकीच्या दारूच्या कारखान्याच्या जागेवर! विणलेल्या कापडाची कडा मोठी त्रासदायक. ती गुंडाळते, उसवते, म्हणून क्रोशाने बांधावी लागे. हे हातकाम मशीनकडून करून घेण्याच्या खटपटीतून पुढच्या पिढ्यांनी क्रोशासारखा टाका घालणारं मशीन बनवलं, आणि १८८९ मध्ये जोसेफ मेरोला ओव्हरलॉकचं पेटंट मिळालं. यात बॉबिन नाही. सुईचा दोरा आणि खालच्या लूपरांचे दोरे कडेभोवती एकमेकांत अडकतात. आजच्या मशीनमध्ये शिलाईच्या आधी जादा कापड छाटणारी सुरीही असते.

कव्हरस्टिचचं घराणं वेगळं. बोस्टनचा शिंपी विल्यम ग्रोव्हर आणि त्याचा भागीदार बेकर यांनी १८५१ मध्ये दोन दोऱ्यांच्या साखळी टाक्याचं पेटंट घेतलं. नेहमीच्या मशीनचा टाका फारसा ताणला जात नाही. साखळी टाक्यात मात्र दोरा जास्त लागतो आणि म्हणूनच तो कापडाबरोबर ताणला जातो. आता एका सुईच्या जागी दोन-तीन सुया लावा आणि खालून एकाच लूपरने सगळ्यांना जोडा. झाली कव्हरस्टिच! सुरी नसल्यामुळे ती कापडाच्या मध्यावरही चालते. तोटाही साखळीचाच. शेवटचा दोरा नीट बांधला नाही आणि नेमका तोच ओढला गेला, तर अख्खी कडा सरसर उसवते.

आमच्यासारख्या लोकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे टाक्यांनाही नंबर आहेत. आयएसओ ४९१५ प्रमाणे बॉबिनचा साधा टाका ३०१, तीन दोऱ्यांचं ओव्हरलॉक ५०४ आणि दोन सुयांची कव्हरस्टिच ४०६. वर्गच वेगळे! कारखान्यात 'हे की ते' हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिथे टी-शर्ट एका मशीनवरून दुसऱ्यावर सरकतो. १९६०च्या दशकात जपानमध्ये घरगुती ओव्हरलॉक आलं, कव्हरस्टिच घरात यायला त्यानंतर बराच काळ गेला, आणि मग हा प्रश्न आपल्या गळ्यात पडला.

तर घ्यायचं काय? कुर्ते, ब्लाऊज, मुलांचे फ्रॉक शिवत असाल तर आधी ओव्हरलॉक. त्या कापडाचे धागे सुटतात, आणि कव्हरस्टिचला कडा छाटून बांधणं जमत नाही. उलट कव्हरस्टिचचं काम साध्या मशीनवर जोडसुई लावून बऱ्यापैकी निभावता येतं. टाका तितका ताणला जात नाही, पण घरच्या टी-शर्टला चालून जातं. कव्हरस्टिच आधी घ्यावी ती फक्त टी-शर्ट, लेगिंग असलंच शिवणाऱ्यांनी. त्या कापडाची कडा फारशी सुटत नाही आणि खरा प्रश्न ताणल्यावर तुटणाऱ्या दुमडीचा असतो.

दोन्ही कामं करणारं एकच मशीनही मिळतं, पण प्रत्येक वेळी सुया हलवा, दोरे पुन्हा ओवा. कॉन्टेक्स्ट स्विचिंगचा खर्च काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि हो, ओव्हरलॉक घेतलंत तर पहिल्या दिवशी जुन्या चादरीवर हात बसवा. त्या सुरीला अनडू नाही!