गोमा, १९९४: मदत पोचली, अनुभव पोचला नाही

'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या फेब्रुवारी १९९५ च्या एकाच अंकात एकाच गावातल्या, एकाच उन्हाळ्यातल्या मृत्यूंबद्दल दोन निबंध छापलेले आहेत. पीएचडीचा विषय शोधत असताना मी पहिला वाचला आणि समाधान पावले. दुसरा काही आठवड्यांनी हाती आला, तेव्हा पहिल्याच्या समासात लिहिलेली माझी टिपणं खोडावी लागली. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचावेत म्हणून हा लेख.

आधी घटना. रवांडातल्या वंशसंहारानंतर जुलै १९९४ मध्ये अवघ्या काही दिवसांत ५ ते ८ लाख माणसं सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा परिसरात आली. पहिल्या महिन्यात त्यातली जवळपास ५०,००० मेली. रोजचा मृत्युदर दर १०,००० माणसांमागे २० ते ३५ होता. हा आकडा किती भयंकर आहे ते कळायला एक माप लागतं: निर्वासितांच्या छावणीत हा दर १ च्या वर गेला की आणीबाणी समजतात. बहुतेकांना मारलं ते आधी पटकीनं, मग शिगेला जिवाणूच्या रक्ती हगवणीनं.

पाणी नव्हतं असं नाही. गोमा किवू सरोवराच्या काठावरच आहे. पण ते पाणी उचलायचं, त्यात क्लोरीन घालायचं आणि माणसांपर्यंत न्यायचं ही तीन वेगळी कामं आहेत. किबुम्बा छावणीजवळ तर पाण्याचा स्रोतच नव्हता, सगळं टँकरनं न्यावं लागे. (टँकरवर अवलंबून राहणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकांना मी काय सांगणार?) जमीन ज्वालामुखीच्या लाव्हाची, इतकी कठीण की संडासाचे खड्डे खणता येईनात आणि कबरीही.

आता निबंध. पहिला साथरोगतज्ज्ञांच्या गटाचा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लोंढा एवढा मोठा होता की जगाची मदत करण्याची क्षमताच तोकडी पडली. पटतं. आकडे पाहिले की दुसरं काही सुचतही नाही.

दुसरा निबंध ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातून गोमाला गेलेल्या पथकाचा. त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. जे रुग्ण उपचार केंद्रात *पोचले*, ते का मेले? नीट उपचार झाले तर पटकीनं मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास राहतं, आणि इथे ते कित्येक पटींनी जास्त होतं. त्यांनी दिलेली कारणं अशी: शरीरात पाणी भरण्याचा वेग कमी, तोंडावाटे क्षारपाणी पुरेसं दिलं नाही, शिरेतून दिलेलं सलाइन चुकीच्या प्रकारचं, आणि गंभीर पटकी हाताळण्याचा आरोग्य कर्मचाऱ्यांना असलेला अपुरा अनुभव.

म्हणजे माणसं आली होती, औषधं आली होती, विमानं उतरत होती. २०० पेक्षा जास्त स्वयंसेवी संस्था तिथे होत्या. अडलं कुठे, तर त्यातल्या अनेकांनी पटकीचा रुग्ण आयुष्यात पाहिलेला नव्हता. ढाक्याच्या लोकांनी तो रोज पाहिलेला होता. त्यांच्या केंद्राचं मूळ १९६० साली सुरू झालेल्या पटकी प्रयोगशाळेत आहे. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावला डॉ. दिलीप महालनोबिस यांनी क्षार-साखरेचं पाणी पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणलं. एका दिवसात शिकवता येतं, पण काय शिकवायचं ते कुणाला तरी आधीपासून माहीत असावं लागतं.

पाणी आणि स्वच्छतेच्या बाजूनं ही उणीव आधी ओळखली ती एका तरुण इंजिनिअरनं. पीटर गथ्री १९७९ मध्ये मलेशियात व्हिएतनामी 'बोट पीपल'च्या छावणीत कामाला गेले होते. अशा कामासाठी थोड्या दिवसांकरता, झटपट मोकळे होऊ शकतील असे इंजिनिअर सापडत नाहीत, हे त्यांनी तिथे पाहिलं. परतल्यावर १९८० मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये आपत्तीत मदतीला जाऊ शकणाऱ्या इंजिनिअरांची एक नोंदवहीच सुरू केली. तिचं लघुनाम रेडआर. (तिचं भारतातलं भावंड, रेडआर इंडिया, पुण्यातून काम करतं. आपल्याकडच्या फार थोड्या पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक असतं.)

सुरुवातीची कल्पना बघा: *यादी*. चांगला इंजिनिअर आहेच, फक्त तो कुठे आहे ते कळलं पाहिजे. पुढे लक्षात आलं की शहराची पाणीपुरवठा योजना पाच वर्षांत आखणारा माणूस दोन दिवसांत ५,००० लोकांना पाणी देऊ शकेलच असं नाही. म्हणून यादीला प्रशिक्षण जोडलं गेलं, आणि प्रशिक्षणाला पुस्तक. जॅन डेव्हिस आणि रॉबर्ट लॅम्बर्ट यांचं 'इंजिनिअरिंग इन इमर्जन्सीज' आलं १९९५ मध्ये, त्या दोन निबंधांच्याच वर्षी.

अशा प्रशिक्षणात नेमकं काय शिकवतात? मी एमएस्सीला क्लोरीनची मागणी काढली होती ती काचेच्या भांड्यात, ब्युरेट लावून. इथे ती बादलीत काढतात. २० लिटरच्या चार बादल्या, १ टक्का क्लोरीनचं द्रावण, आणि प्रत्येक बादलीत थोडी जास्त मात्रा: १ मिली, १.५, २, २.५. अर्धा तास थांबायचं. मग कुठल्या बादलीत लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे ते बघायचं, आणि त्या हिशेबानं टाकीचा डोस ठरवायचा. गणित आठवीचं आहे. अवघड भाग वेगळा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी लागते, नाहीतर क्लोरीन गाळच खाऊन टाकतो. आणि दमट गोदामात उघड्या पोत्यात पडलेल्या पावडरीत लेबलावर लिहिलेलं क्लोरीन उरलेलंच नसतं. ग्रामपंचायतीत टीसीएल टाकणाऱ्या आपल्या जलसुरक्षकाला हे दुसरं बरोब्बर माहीत असतं.

ही बादलीची चाचणी नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश लष्करी वैद्यकीय दलातल्या विल्यम हॉरॉक्स यांनी सैन्यासाठी अशीच कपांची चाचणी बसवली. आपल्याकडे एमबीबीएसची मुलं 'हॉरॉक्स अपॅरेटस' अजून पाठ करतात: सहा पांढरे कप, ज्या पहिल्या कपात निळा रंग ठळक दिसेल तो मोजायचा, तिसरा असेल तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम ब्लीचिंग पावडर. पण ती सैनिकांसाठी होती. सैनिकाला हुकूम देता येतो की हेच पाणी पी. छावणीतल्या बाईला क्लोरीनचा वास आवडला नाही तर ती ओढ्याचं पाणी आणते. म्हणून पुढच्या प्रशिक्षणांत रसायनाबरोबर लोकांशी बोलणं आलं, आणि माझ्यासारख्या विज्ञानवाल्यांना तोच भाग किरकोळ वाटतो. मलाही वाटायचा.

गोमाच्या धक्क्यानंतर १९९६ मध्ये रवांडातल्या मदतीचं मोठं संयुक्त मूल्यमापन प्रसिद्ध झालं आणि १९९७ मध्ये 'स्फिअर' प्रकल्प सुरू झाला. त्यानं मापदंड दिले: माणशी रोज १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, घरापासून पाणी ५०० मीटरच्या आत, २० जणांमागे एक शौचालय. हे आकडे नसते तर 'पुरेसं पाणी' म्हणजे काय यावर प्रत्येक संस्थेनं आपापलं सोयीचं उत्तर दिलं असतं. त्यामुळे त्यांना नुसती नावं ठेवणं मला पटत नाही.

पण आकडा पाठ होतो आणि जागा विसरली जाते. २०१७ मध्ये ७ लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशातल्या कॉक्स बझारला आले. घाईघाईत हजारो हातपंप आणि संडास उभे राहिले. त्यातले बरेच पंप उथळ होते, संडासांना चिकटून होते. काही संडास भरून वाहायला लागले, आणि ते उपसायला गाडी जायला रस्ता नव्हता. डोंगरउतारावर वरचा संडास आणि खालचा पंप हे दोन्ही तक्त्यात हिरव्या रंगात दिसतात. अंधारात, कडीशिवायच्या संडासात बायका जात नव्हत्या, तरी तो मोजला गेलाच.

माझ्या कामाचा प्रश्न इथून निघतो. प्रशिक्षणांच्या अहवालांत किती जण आले, किती तास बसले, किती प्रमाणपत्रं वाटली हे हमखास सापडतं. शिकून गेलेल्या माणसाच्या नळावर त्या आठवड्यात क्लोरीन किती होतं, हे शोधायला मात्र तिसरीच कागदपत्रं चाळावी लागतात. गोमाचं उपचार केंद्र आपल्याला समजलं, कारण ढाक्याच्या पथकानं तिथे दाखल झालेले आणि मेलेले मोजले. शिकवणाऱ्यांच्या वह्या बघून ते कळलं नसतं.

सुरुवात करायची असेल तर 'स्फिअर'च्या आवृत्त्या एकामागोमाग एक वाचा. २००४ च्या आवृत्तीत पाण्याच्या रांगेत थांबायची कमाल मर्यादा १५ मिनिटं आहे. २०११ च्या आवृत्तीत ती ३० मिनिटं झाली.