पवनारच्या पांढरीखालचे शहर

वर्धा जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाचा दिवस साधारण ठरलेला असतो. सकाळी सेवाग्राम, मग मगन संग्रहालय, गीताई मंदिर, विश्वशांती स्तूप आणि परतताना पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम. हे सगळे पाहण्यासारखेच आहे. पण या फेरीतून प्रवाशाच्या मनात जिल्ह्याचे जे वय उमटते ते शंभर वर्षांचेही नसते. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले, १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले, आणि इतिहास जणू तिथूनच सुरू झाला. वर्धा शहर स्वतः तसे नवेच आहे. १८६२ मध्ये नागपूरपासून जिल्हा वेगळा काढला गेला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याजवळ मुख्य ठाण्याचे गाव आखून वसवले गेले. जुने शहर पाहायचे तर नाशिक-पैठणला जावे, नाहीतर पैसे साठवून रोमला, अशी समजूत इथल्या सुशिक्षित माणसाचीही असते. माझे म्हणणे असे की वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर, अवघ्या आठ-दहा किलोमीटरवर, एक जुने शहर आहे, आणि ते दिसत नाही याचे कारण प्राचीनतेची वाण हे नाही. ते कोणी दाखवलेले नाही, एवढेच आहे.

पुरावा ताम्रपटांचा आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन पाचव्या शतकात विदर्भावर राज्य करत होता. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. पती वारल्यावर मुलगा लहान असताना तिने स्वतः राज्य चालवले. प्रवरसेनाची सुरुवातीची दानपत्रे नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून दिलेली आहेत. हिंगणघाटकडच्या जांबला मिळालेला त्याच्या दुसऱ्या राज्यवर्षाचा ताम्रपट त्यांतलाच. अठराव्या वर्षाचा चम्मकचा ताम्रपट मात्र प्रवरपुराहून निघालेला आहे. मधल्या काळात राजाने राजधानी हलवली आणि तिला आपले नाव दिले. हे प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. पुढे १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे इथे उत्खनन केले, तेव्हा वाकाटकांच्या आधीपासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक उघडे झाले. प्रवरसेनाच्या त्या पाचव्या शतकाच्या आरंभी, ४१० मध्ये, गॉथ टोळ्यांनी रोम लुटले होते आणि ४७६ मध्ये पश्चिमेकडचे रोमन साम्राज्य संपले. युरोपातले सर्वांत नावाजलेले शहर ढासळत होते त्या काळात विदर्भातल्या या घराण्याच्या राजधानीत काव्य रचले जात होते.

ते काव्य म्हणजे ‘सेतुबंध’. रामाने समुद्रावर पूल बांधून लंका जिंकली त्या कथेवरचे, महाराष्ट्री प्राकृतातले हे महाकाव्य प्रवरसेनाचे मानले जाते. दंडीने महाराष्ट्री ही उत्तम प्राकृत असल्याचे सांगताना याच काव्याचा दाखला दिला आहे, आणि बाणभट्टानेही ‘हर्षचरिता’त त्याची वाखाणणी केली आहे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण महाराष्ट्री प्राकृताचा वारसा अभिमानाने सांगितला. त्या भाषेतल्या सर्वांत गाजलेल्या महाकाव्याचा कवी ज्या गावाशी जोडला जातो, तिथे त्याच्या नावाने कोणी मुद्दाम वाट वाकडी करून जात नाही, याचे वाईट वाटले पाहिजे.

पवनार पुढेही विझले नाही. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ते मुख्य ठिकाण होते आणि ‘ऐन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे. लोकांच्या तोंडी पवन राजाची आणि त्याच्या परिसाची गोष्ट आहे. तो शेतकऱ्यांकडून साऱ्यात नांगराचे लोखंडी फाळ घ्यायचा आणि परिसाने त्यांचे सोने करायचा, असे सांगतात. १९३८ मध्ये विनोबा जमनालाल बजाज यांच्या पवनारच्या बंगल्यात राहायला आले. तिथली जमीन खणताना जुनी शिल्पे निघाली, आणि त्यांतल्या एका शिल्पात विनोबांना भरत-राम भेट दिसली. आश्रमातले भरत-राम मंदिर त्यातून झाले. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी सुरुवात केली ती याच गावातून. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी इथल्या धामेत विसर्जित झाल्या, १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर उभे राहिले, १९८२ मध्ये विनोबांनी इथेच देह ठेवला. राजधानी, मोगली ठाणे, सत्याग्रह, आश्रम: दीड हजार वर्षांचा हा पसारा एका नदीच्या दोन काठांवर मावलेला आहे. भारतात अशी गावे फार नाहीत.

असे थर प्रवाशाला कसे दाखवता येतात हे समजायला आता रोमच्या सान क्लेमेंते चर्चकडे पाहू. वर दिसते ते बाराव्या शतकातले चर्च. १८५७ मध्ये जोसेफ मुलूली या आयरिश धर्मगुरूने त्याच्या तळाशी खोदायला सुरुवात केली, तेव्हा खाली चौथ्या शतकातले चर्च आणि त्याच्याही खाली रोमन इमारती व मिथ्र देवतेचे देऊळ सापडले. आज प्रवासी जिन्याने उतरत जातो आणि प्रत्येक मजल्यावर काही शतके मागे जातो. थर पवनारलाही आहेत, कमी आहे तो जिना. उत्खनन झाले, अहवाल छापला गेला, अभ्यासकांनी तो वाचला आणि पुढे त्यावर लेखही लिहिले. गावात येणाऱ्या माणसाला त्यातले काहीच कळण्याची सोय झाली नाही. ऐतिहासिक शहर ही वस्तू निम्मी भूतकाळाने घडवलेली असते आणि निम्मी नंतरच्या माणसांच्या राखणीने. युरोपने ही दुसरी निम्मी बाजू जिद्दीने सांभाळली, आणि आपण तिथे जाऊन पाहतो ते बरेचसे या राखणीचे फळ असते.

यावर पहिला आक्षेप अभ्यासकांचाच येईल: पवनार हेच प्रवरपूर, हे कुठे सिद्ध झाले आहे? आक्षेप खरा आहे. रामटेकजवळच्या मनसरला मोठे वाकाटककालीन अवशेष आणि प्रवरेश्वराच्या नावाची मुद्रा मिळाल्यावर काही अभ्यासक प्रवरपूर तिकडे नेतात. पवनारच्या शिल्पांबद्दलही एकमत नाही. मिराशींना त्यांत रामकथा दिसली आणि त्यावरून त्यांनी इथे प्रवरसेनाने बांधलेल्या राममंदिराची कल्पना केली; नंतरच्या काहींनी तेच प्रसंग कृष्णकथेतले मानले. पण या वादामुळे पवनार पाहण्याजोगे उरत नाही, असे होत नाही. उद्या प्रवरपूर मनसरला सिद्ध झाले, तरी इथले वाकाटककालीन थर आणि शिल्पे कुठे जाणार नाहीत. फ्लॉरेन्समध्ये ‘दांतेचे घर’ म्हणून जी वास्तू दाखवतात ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारलेली आहे, हे तिथे कोणी लपवत नाही, आणि लोक दांतेच्या ओढीने तरीही जातात. पवनारलाही दोन्ही मते फलकावर लिहावीत. मिराशी काय म्हणाले, दुसरे काय म्हणतात, शिल्पात भरत दिसतो की बलराम, हे प्रवाशाने शिल्पासमोर उभे राहून स्वतः ताडून पाहावे. शाळेच्या सहलीतल्या मुलांना इतिहास कसा ठरतो हे शिकवायला याहून चांगली जागा जिल्ह्यात नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: तिथे पाहायला आहे तरी काय? विटा, खापरे, माती. युरोपात दगडी कमानी उभ्या आहेत. याचे उत्तर वर्धा जिल्ह्यानेच देऊन ठेवले आहे. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहे. तिच्यात उंच खांब नाही की कोरीव काम नाही, तरी देशोदेशीची माणसे तिथे येऊन गप्प उभी राहतात. मातीची भिंत पाहायला लोक येतात, कारण तिथे काय घडले ते त्यांना ठाऊक असते आणि ती कुटी पिढ्यान्‌पिढ्या लिंपून, शाकारून जपली गेली आहे. जी कदर १९३६ च्या मातीला मिळाली, ती पाचव्या शतकाच्या मातीला का मिळू नये?

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पवनार हे जिवंत गाव आहे, लोक जुन्या वस्तीच्या टेकाडावर, म्हणजे पांढरीवरच राहतात. आणि आश्रम ही शांततेची जागा आहे. पर्यटनाच्या नावाखाली घरे उठवली गेली आणि नदीकाठी खाऊच्या गाड्यांची रांग लागली, तर मिळवले काय? ही भीती रास्त आहे, आणि व्हेनिससारख्या शहरांनी प्रवाशांच्या लोंढ्याखाली काय भोगले ते जग पाहते आहे. म्हणूनच कोणाचे घर हलवायचे नाही आणि आश्रमाच्या दिनक्रमाला हात लावायचा नाही, ही पहिली अट असली पाहिजे. पण काहीच न करण्याने पांढर वाचत नाही, हेही तितकेच खरे. जुन्या गावठाणाची पांढरी माती शेतात खत म्हणून नेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. घराचा पाया खणताना निघालेली वीट पुन्हा कुठल्या तरी भिंतीत बसते, नाणे सोनाराकडे जाते. दोष गावकऱ्याचा नाही. त्या मातीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. गावातल्या शाळेतल्या मुलीला प्रभावतीगुप्ता ठाऊक असेल, तर पायाच्या खड्ड्यातून निघालेले खापर ती फेकून देणार नाही. पहारेकरी नेमून पांढर राखण्यापेक्षा हे अधिक टिकाऊ आहे.

यासाठी लागणारा खर्च मोठा नाही. गावात एखादी खोली, तिच्यात ताम्रपटांच्या प्रतिकृती आणि त्यांचा मराठी अर्थ, १९६७ च्या उत्खननातल्या थरांचे मोठे रेखाचित्र, ‘सेतुबंधा’चा सोप्या मराठीतला कथाभाग आणि टेकाडावर दोन-चार ठिकाणी नीट लिहिलेले फलक एवढ्याने सुरुवात होऊ शकते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून हे हाती घ्यावे. आणि जे वाचक सेवाग्रामला जाणार असतील त्यांना एक विनंती: पवनारला आश्रमाच्या घाटावरून लगेच परतू नका. तिथली शिल्पे वेळ देऊन पाहा, मग गावात जा आणि एखाद्या जाणत्याला पवन राजाची गोष्ट विचारा.