वाण्याची वही आणि यंत्राची वही



संयोजकांनी विषय दिला, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ऑनलाइन खरेदी’. मी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. यंत्र आतून कसं चालतं हे सांगायला इथे माझ्यापेक्षा तरुण मंडळी पुष्कळ आहेत. मी दुकानाबद्दल बोलणार आहे. आपण जरीपटक्यात बसलो आहोत, तेव्हा दुकानाबद्दल बोलायला याहून चांगली जागा नागपुरात कुठली?

जरीपटका म्हणजे खरं तर मराठ्यांचं निशाण. पण नागपुरात जरीपटका म्हटलं की कोणाला निशाण आठवत नाही, दुकान आठवतं. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे वसली आणि ज्यांच्याकडे विकायला काही नव्हतं त्यांनीही काहीतरी विकायला सुरुवात केली. या लोकांबरोबर एक गोष्ट आली ती म्हणजे वही लिहिण्याची सवय. सिंधमधल्या व्यापाऱ्यांची हिशेबाची लिपी वेगळी होती. तिला हटवाणिकी म्हणत, म्हणजे हाटाची, दुकानाची लिपी. तिच्यात काना-मात्रा जवळजवळ नसत. अशा लिपीवरचा एक जुना विनोद तुम्हीही ऐकला असेल. पत्रात लिहिलं होतं ‘काकाजी अजमेर गए’, घरच्यांनी वाचलं ‘काकाजी आज मर गए’, आणि रडारड सुरू झाली! १८६८ च्या सुमारास मुंबई सरकारने या लिपीला शिस्त लावायचं काम नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याकडे दिलं. नाव आपल्याकडचंच वाटतं ना? कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही त्यांचं नाव आहे. वैद्यांनी स्वरचिन्हं घातलेली लिपी तयार केली, पण ती फारशी रुजली नाही. कारण उघड आहे. लिहिणाऱ्यालाच वाचता येणारी वही ही दुकानदाराची अडचण नसतेच मुळी, ती त्याची सोय असते.

आता त्या वहीत काय असे? वरवर पाहिलं तर नाव, तारीख, रक्कम. पण जुना दुकानदार ती वही डोक्यात घेऊन बसलेला असे. कोणाचा पगार एक तारखेला होतो, कोणाचा सातला. कोणाच्या घरी लग्न निघालंय, कोण दिवाळीला फेडतो आणि कोण दिवाळी आली की रस्ता बदलतो. भिंतीवर पाटी असे ‘आज नगद कल उधार’, आणि पाटीखाली बसून शेठ उधारीच लिहीत असे. पाटी अनोळखी माणसासाठी, वही ओळखीच्यासाठी. आज ज्याला ‘प्रोफाइल’ म्हणतात ते हेच. तेव्हा यंत्राने माणसाची माहिती ठेवायला सुरुवात केली म्हणून आभाळ कोसळलं, असं मी म्हणणार नाही. दुकान आणि स्मृती यांचं लग्न फार जुनं आहे.

ते सुखाचं होतं असंही म्हणणार नाही. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. आजूबाजूचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चाल केली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव बसला होता, सारा वाढला होता, कर्ज फुगलं होतं. बघता बघता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसच्या वर गावांत गेलं. आपण इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शिकलो. पण दंगेखोरांना काय हवं होतं ते पाहा. त्यांना रोखे हवे होते, हुकूमनामे हवे होते, वही हवी होती. सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद जाळले आणि लोक घरी गेले. म्हणजे संताप माणसावर होताच, पण त्याहून अधिक तो न वाचता येणाऱ्या कागदावर होता. अंगठा माझा, कर्ज माझं, आणि त्यात काय लिहिलंय ते फक्त समोरच्याला ठाऊक.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यातलं कैदेचं, व्याजाचं कलम सगळे सांगतात. मला त्यातली तीन साधी कलमं फार मोलाची वाटतात. पैसे भरले की शेतकऱ्याला लेखी पावती मिळाली पाहिजे. मागितला तर वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे. आणि त्याच्या हातात पासबुक असलं पाहिजे, ज्यात हिशेब वेळोवेळी भरून मिळेल. शिवाय न्यायाधीशाने नुसता रोखा पाहून निकाल द्यायचा नाही, कर्ज मुळात कसं सुरू झालं तिथपर्यंत मागे जायचं. सावकाराची वही सावकाराकडेच राहिली, पण तिची एक प्रत ऋणकोच्या घरी गेली. शेतकऱ्याच्या हातातल्या त्या पासबुकामागे सुप्याची आग होती, हे बँकेत रांगेत उभं असताना कोणाला आठवत नाही.

आता भावाकडे येतो. इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ. १७८५ साली त्याने नीतीवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात एक दुकानदार येतो. हा दुकानदार नवख्या गिऱ्हाइकाला फसवत नाही. सगळ्यांना एकच भाव, इतका की लहान मूलसुद्धा त्याच्याकडून इतरांसारखीच खरेदी करू शकतं. कांट विचारतो, हा कर्तव्य म्हणून प्रामाणिक आहे की धंद्याच्या फायद्यासाठी? हे उदाहरण मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. विद्यार्थी दुकानदाराच्या हेतूवर तावातावाने भांडत. आता मागे वळून पाहताना मला वाटतं, आपण सगळे चुकीच्या माणसाकडे बघत होतो. त्या गोष्टीतलं महत्त्वाचं पात्र ते मूल आहे.

कारण एकच भाव ही गोष्ट निसर्गदत्त नाही, ती कमावलेली आहे. पॅरिसमध्ये १८५२ पासून आरिस्तीद बुसिको याने ‘बाँ मार्शे’ या दुकानात मालावर भावाच्या चिठ्ठ्या लावून घासाघीस बंद केली, तेव्हा ती नवलाई होती. आपल्याकडे बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे. दोघांना कळायचं, तिसऱ्याला नाही, आणि ज्याचा माल तो शेतकरी बहुतेक वेळा तिसराच असायचा. हे गैरप्रकार आवरायला झालेले सुरुवातीचे कायदे आपल्याच वऱ्हाडातले. कापूस आणि धान्याच्या बाजारासाठी १८९७ चा कायदा वऱ्हाडात झाला, आणि दलाल, मापाडी यांच्यावर देखरेख आली. पुढे पाकिटावर किंमत छापायचे नियम आले आणि १९९० नंतर ‘सर्व करांसह कमाल किंमत’ ही ओळ बिस्किटाच्या पुड्यावरही दिसू लागली. आईने नाणं देऊन पाठवलेलं पोर निर्धास्त दुकानात जाऊ लागलं, ते या सगळ्यामुळे.

यंत्र इथे येतं. सुरुवात साधी होती. ॲमेझॉनने १९९८ मध्ये एक युक्ती आणली. तुमच्यासारखा दुसरा माणूस शोधत बसण्यापेक्षा, कोणत्या वस्तू एकत्र विकल्या जातात ते मोजायचं. पोहे घेणारा शेंगदाणे घेतो, हे कुठल्याही किराणावाल्याला माहीत असतं. यंत्राने तेच कोट्यवधी वस्तूंसाठी केलं. पुढे ते नुसतं मोजेना, शिकायला लागलं. तुम्ही कुठल्या चित्रावर किती वेळ थांबलात, काय टोपलीत टाकून काढलंत, रात्री किती वाजता बघता. आणि यात एक नवीन गोष्ट घडली. हटवाणिकी निदान लिहिणाऱ्याला वाचता येत असे. ही नवी वही लाखो-कोट्यवधी आकड्यांची आहे. अमुक माणसाला अमुक वस्तू का दाखवली, हे ती वही बनवणारा इंजिनिअरही नेमकं सांगू शकत नाही.

याच यंत्राच्या हाती भावही गेला तर? सप्टेंबर २००० मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ॲमेझॉनवर एकाच डीव्हीडीला वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगळा भाव दिसतोय. कंपनीने सांगितलं, हा प्रयोग होता, भाव नुसते यदृच्छेने बदलले होते, कोणाची माहिती वापरून नाही. ६,८९६ गिऱ्हाइकांना पैसे परत केले. तेव्हा लोक चिडले. आज तुमच्या मोबाइलवर ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणून कूपन येतं, तेव्हा आपण चिडत नाही, खूश होतो. पण ‘फक्त तुमच्यासाठी’ याचा मराठीत अर्थ काय? शेजाऱ्यासाठी नाही. रुमाल परत आला, फक्त आता त्याखाली एकच हात माणसाचा आहे. २०२५ च्या जानेवारीत आयफोनवाल्याला एक भाडं आणि साध्या फोनवाल्याला दुसरं, अशा तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसा काढल्या. दोघांनी आरोप नाकारला. खरं-खोटं बाजूला ठेवू. मुद्दा असा की दोन फोन शेजारी ठेवल्याशिवाय गिऱ्हाइकाला ते तपासताच येत नाही. त्या मुलाने तर नाहीच नाही.

थोडं घरचं सांगतो, विषयाला धरूनच. माझी पत्नी गेली त्याला काही वर्षं झाली. ती बिनसाखरेची एक बिस्किटं खायची. कोपऱ्यावरचा दुकानदार महिन्याच्या सामानात तो पुडा न सांगता घालायचा. ती गेल्यानंतरच्या महिन्यात पुडा आला नाही. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. एका ॲपवरूनही आम्ही तीच बिस्किटं कधीमधी मागवत असू. ते ॲप पुढे कितीतरी दिवस विचारत होतं, ‘पुन्हा मागवायचं?’ यंत्राला दोष देत नाही. त्याला विसरायला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ती गेली हे कळायला ते आमच्या गल्लीत राहत नव्हतं.

ही गोष्ट एका कार्यक्रमात सांगितली तेव्हा इंदोऱ्याचा माझा एक जुना विद्यार्थी नंतर भेटला. म्हणाला, ‘सर, तुमचा दुकानदार तुम्हाला ओळखत होता म्हणून तुम्हाला बरं वाटलं. आमच्या गावचा दुकानदारही माझ्या आजीला ओळखत होता. म्हणूनच सामान वरून टाकायचा.’ मी गप्प झालो. विदर्भातल्या कितीतरी खेड्यांत ही पद्धत होती, आणि ओळख हीच तिचं कारण होती. ‘पार्सलवाला माझी जात बघून पायरीखाली उभा राहत नाही अन् मलाही राहू देत नाही,’ तो म्हणाला. हे मी माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध आहे म्हणून टाळणार नाही. न ओळखणाऱ्या बाजाराने अनेकांना पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून ताठ उभं केलं. माझं भय एवढंच, की आताचं यंत्र न ओळखणारं राहिलेलं नाही. आडनाव, पिन कोड, फोनची किंमत हे सगळं त्याच्या वहीत आहे, आणि त्यातून ते काय अनुमान काढतं हे त्या विद्यार्थ्याला दिसत नाही. वरून टाकलेलं सामान निदान दिसत तरी होतं.

आणि दुकानदाराचं काय? जरीपटक्यातल्या एका कापड दुकानदाराशी माझं अधूनमधून बोलणं होतं. त्याच्या गल्ल्यावर क्यूआर कोड, शेजारी पैसे आल्याची आरोळी देणारा डबा. कोडवर जमणाऱ्या रकमेवरून त्याला एक ॲप कर्ज देऊ करतं. मध्ये एकदा कर्जाची मर्यादा अचानक अर्ध्यावर आली. त्याने फोन केला, तर पलीकडेही यंत्रच. मला म्हणाला, ‘प्रोफेसर साहब, दादाजी दूसरों का खाता लिखते थे. मेरा खाता कौन लिख रहा है, पता नहीं.’ त्याचे आजोबा उधारी नाकारत तेव्हा का नाकारली ते तोंडावर सांगत. चार माणसांत सांगत, हाही भाग आहेच! पण गिऱ्हाईक उलट बोलू शके. भांडण करू शके.

पुढचं पाऊल पडलंच आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये चॅटजीपीटीशी बोलता बोलता यूपीआयने किराणा घेण्याचा प्रयोग आपल्याकडे जाहीर झाला. म्हणजे आता यंत्र आपल्या बाजूनेही खरेदीला जाणार. चांगलं आहे, मलाही गुडघेदुखीत बाजार नको वाटतो. पण आपल्याला आडत्या माहीत आहे. आडत्या ‘मी तुमचा’ असं दोन्हीकडे सांगतो. या नव्या आडत्याला दलाली कोण देतं, हे पावतीवर छापलं जावं, एवढी मागणी तरी ग्राहक चळवळीने करायला हवी. ही चळवळ आपल्याकडे जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदा व्हायला अजून बारा वर्षं होती.

आज कायदे आहेत. ‘फक्त १ शिल्लक’ म्हणून घाई करणं, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, असे १३ फसवे प्रकार २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नियमांनी बंद केले. त्याच वर्षीच्या माहिती संरक्षण कायद्यात, माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे याचा सारांश मागण्याचा हक्क आहे. पण १८७९ च्या कायद्याशी तुलना करा. सारांश म्हणजे पासबुक नव्हे. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते कळेल, त्यावरून मला कोणता भाव लावला, कोणतं कर्ज नाकारलं, ते कळणार नाही. त्या जुन्या न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जायची मुभा होती. आजच्या ग्राहक आयोगाला यंत्राच्या निर्णयामागे कसं जाता येईल, हे मी इथे बसलेल्या वकील मंडळींना विचारतो. मागच्या रांगेत दोन तरी आहेत, मला दिसताहेत.

चहा आलेला आहे. प्रश्न तिथेच घेऊ, आणि पहिला प्रश्न कोणी दुकानदाराने विचारावा.