कापलेले नाक आणि विटा पाडणारा जर्राह

नाक हा चेहऱ्यावरचा एक अवयव; पण मराठीत आणि उर्दूत तो अब्रूचा शब्द होऊन बसला आहे. मराठी घरात 'नाक कापले जाते', आमच्या घरांत 'नाक कट जाती है'. हा वाक्प्रचार कोणा कवीच्या कल्पनेतून आलेला नाही. या देशात खरोखरच नाके कापली जात होती. चोरीची शिक्षा म्हणून, व्यभिचाराच्या नुसत्या संशयावरून आणि युद्धात शत्रूच्या माणसाची विटंबना म्हणून. मारलेला माणूस दफन होतो किंवा जळतो आणि विसरला जातो. नाक कापलेला माणूस मात्र जिवंत राहतो, गावी परततो आणि रोज चारचौघांना दिसतो. शिक्षा देणाऱ्याला हेच हवे असायचे.

जिथे नाके कापली जातात तिथे ती जोडणारेही तयार होतात. आज जगभर ज्याला प्लॅस्टिक सर्जरी म्हणतात, तिच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आपल्या पुण्यात घडले आहे. ते मराठी वाचकाला माहीत असावे, आणि अर्धवट नव्हे तर पूर्ण माहीत असावे, म्हणून हा लेख.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आले. लिहिणाऱ्याने पूर्ण नाव न देता फक्त 'बी. एल.' ही आद्याक्षरे दिली होती. पत्रात कावसजी नावाच्या माणसाची हकिकत होती. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यातले तिसरे युद्ध १७९० ते १७९२ या काळात झाले. त्यात मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने होते. कावसजी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. पुढे त्याला कंपनीकडून पेन्शन मिळू लागली. कावसजी हे नाव ऐकून तो पारशी असेल असे वाटते, पण जुन्या नोंदीत तो शेती करणाऱ्या जातीतला मराठा असल्याचे म्हटले आहे. नावावरून माणसाची जात-धर्म ठरवण्याची घाई करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

सुमारे वर्षभर कावसजी नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस दरबारी वैद्य किंवा हकीम नव्हता. नोंद सांगते की तो विटा पाडणाऱ्या जातीतला होता. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, यांनी हे काम डोळ्यांनी पाहिले.

त्याची रीत अशी होती. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी तशीच राखायची. सगळी युक्ती या पट्टीत होती. नवी जागा रुजेपर्यंत त्या कातडीला रक्त तिच्यातूनच मिळायचे. नाकाच्या जुन्या जखमेची कड ताजी करून, कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि केलेल्या चिरेत बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. पानाला लावतात तोच कात! चार दिवस दुसरे काही लावायचे नाही. नंतर तुपात भिजवलेले कापड. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणेच पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली ती पट्टी कापायची, कारण आता नाक स्वतःच्या बळावर जगत असे.

भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते. ईथरची जाहीर भूल १८४६ सालची. एका हाताचा तो माणूस हे सगळे शुद्धीवर राहून सोसत होता.

पुण्यात राहणारा चित्रकार जेम्स वेल्स याने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढले आणि त्यावरून पुढच्या वर्षी लंडनमध्ये छापील चित्र निघाले. १७९५ मध्येच वेल्स वारला, तोही साष्टी बेटावरच्या लेण्यांची चित्रे काढण्याच्या कामात असताना. आमची अंधेरी त्याच साष्टीत येते. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने ही रीत अभ्यासली, आधी मुडद्यांवर करून पाहिली आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर वापरली. १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. तिथून ती युरोपभर गेली. कपाळाच्या कातडीने नाक बांधण्याला आजही 'भारतीय पद्धत' म्हणतात, आणि कर्करोगाने नाक गेलेल्या रुग्णांसाठी ती आजही वापरली जाते.

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. पण ती दोन प्रकारे वाकवून सांगितली जाते. एक म्हणजे 'मुसलमान राजाने नाक कापले' एवढेच सांगून थांबणे. कावसजीवर क्रौर्य झाले, ते टिपूच्या लोकांनी केले, हे स्पष्ट लिहिले पाहिजे; त्यावर पांघरूण घालण्याचे आपल्याला काही कारण नाही. पण मग पुढचेही वाचावे. इटालियन प्रवासी मनुची लिहितो की, औरंगजेबाने विजापूरला वेढा घातला तेव्हा मोगल छावणीसाठी गवत-चारा आणायला गेलेल्या लोकांना विजापूरचे सैनिक पकडत आणि त्यांची नाके कापत. हा वेढा १६८५-८६ चा. दोन्हीकडचे बादशहा मुसलमान! कपाळाची कातडी खाली आणून तिथले जर्राह नाक करीत, हेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे कावसजीच्या शंभर वर्षे आधी. नेपाळात पृथ्वीनारायण शहाने कीर्तिपूर घेतले तेव्हा तिथल्या लोकांची नाके कापवली. तिथे दोन्हीकडे मुसलमान नव्हते. सुरीला धर्म नव्हता. नाक कोणाचे गेले ते पाहा : एक बैल हाकणारा, दुसरे गवत कापणारे. शत्रूची रसद तोडायची तर ती वाहणाऱ्या गरिबाला भीती घालायची, हा हिशेब होता. सरदारांचे तह झाले, बैलवाल्याचे नाक मात्र गेलेच.

दुसरी वाकडी रीत म्हणजे 'हे सगळे आपल्या ग्रंथात होतेच' असे म्हणून विटा पाडणाऱ्याला विसरणे. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचे वर्णन आहे, यात शंका नाही. पण तिथे माप झाडाच्या पानाने घेतात आणि कातडी गालाची घेतात. पुण्याच्या माणसाने माप मेणाने घेतले आणि कातडी कपाळाची. याचा अर्थ, मधल्या शतकांत ही विद्या पोथीत पडून राहिली नव्हती. कोणाच्या तरी हातात ती सुधारत होती, आणि ते हात ज्यांना पोथी वाचायची परवानगी नव्हती अशांचेही होते. सुश्रुताचे ज्ञानही एका धर्माच्या कुंपणात राहिले नाही. दहाव्या शतकातला इब्न अल-नदीम सांगतो की, बगदादच्या यह्या बिन खालिद बरमकीने मंका या हिंदी वैद्याकडून 'सुसरुद'चा ग्रंथ इस्पितळासाठी अरबीत उलगडून घेतला. ज्ञान घेताना बगदादने धर्म विचारला नव्हता.

आता थोडे आजचे. अंधेरी पश्चिमेला चार बंगला, लोखंडवाला भागात फिरलात तर नाक, ओठ, हनुवटी सुधारून देणाऱ्या पाट्या दिसतात. माझ्या गालावर लहानपणी जिन्यावरून पडल्याचा व्रण होता. हसताना तो ओठाला ओढायचा. दोन वर्षांपूर्वी मी तो इथल्या एका इस्पितळात काढून घेतला. जागा बधिर करून तासाभराचे काम. सूज चार दिवस, टाके सातव्या दिवशी निघाले, डोके उंच ठेवून झोपायचे, काही महिने उन्हापासून जपायचे. कावसजीपुढे हे काहीच नाही. त्रास झाला तो बोलण्याचा. 'अल्लाहने दिलेला चेहरा बदललास?' असे खालाने विचारले. तिला मी अरफजा बिन असद या सहाबींची हदीस ऐकवली. त्यांचे नाक कुलाबच्या लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी (स.) सोन्याचे बसवायला सांगितले. पुरुषाला सोने मना असताना! अबू दाऊद आणि तिर्मिझी यांनी ही हदीस दिली आहे. २००७ मध्ये मलेशियात भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या बैठकीनेही दोष किंवा इजा दुरुस्त करणे वेगळे आणि केवळ हौसेने रूप बदलणे वेगळे, असा भेद केला. खाला थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बेटा, हे आधी सांगितले असतेस तर मी दवाखान्यात सोबत आले असते."

दुरुस्ती आणि हौस यांच्यामधली रेघ नेहमीच सोपी नसते, हे मान्य. पण ती कोणासाठी ओढायची हे डॉ. नोशीर अंतिया यांच्या कामातून कळते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरी उभी करणाऱ्या या डॉक्टरांनी पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगात नाक आतून बसते. रोग बरा झाला तरी चेहरा पाहून लोक दूर सरतात, कामाला ठेवत नाहीत. अशा माणसाचे नाक उभे करणे याला कोण हौस म्हणेल? २००७ मध्ये अंतिया गेले. त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे, कार्प्यूचे माहीत आहे, पाहणाऱ्या दोन डॉक्टरांचे आणि चित्रकाराचेही माहीत आहे. ज्याने नाक बसवले त्याचे नाव मात्र कोणी विचारून लिहून ठेवले नाही.

माझ्या वर्गात टिपू सुलतानाचा धडा आला की मी मुलांना कावसजी सांगते. काही मुले अस्वस्थ होतात. टिपू त्यांना आवडतो. त्याने इंग्रजांशी झुंज दिली हेही खरे आणि कावसजीचे नाक गेले हेही खरे, असे मी सांगते. दोन्ही खरे एकाच वहीत लिहिता आले पाहिजे. मग त्यांना मी मेणाचा पत्रा, कात आणि तूप सांगते. एकदा एका मुलीने विचारले, "टीचर, त्या जर्राहचे नाव काय?" मी फळ्यावर लिहिले, 'पुण्याजवळचा एक कारागीर', आणि मुलांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतले.