कोबी, काकडी आणि कोतान

ख्रिस्ती चित्रकला म्हटली, की वेदीवरची भव्य चित्रे, संतांचे साक्षात्कार आणि क्रूसाखाली उभी असलेली शोकाकुल माता आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्याच परंपरेतील एका कलावंताचे नाव मात्र आज प्रामुख्याने कोबी आणि काकडी यांच्या चित्रांमुळे घेतले जाते. ते कलावंत म्हणजे स्पेनचे हुआन सांचेस कोतान.

त्यांचा जन्म १५६० साली तोलेदोजवळील ओर्गास या गावी झाला. तोलेदो हे स्पेनच्या आर्चबिशपांचे मुख्य पीठ. त्या नगरीत धार्मिक चित्रे व व्यक्तिचित्रे काढून कोतान यांनी चांगला जम बसविला होता. त्याच काळात त्यांनी काही निराळी चित्रे रंगविली. दगडी चौकटीचा एक कोनाडा, मागे दाट काळोख आणि पुढे भाजी व फळे, एवढाच त्यांचा विषय.

अमेरिकेतील सान दिएगोच्या संग्रहालयात यांतील एक चित्र आहे. त्यात पिवळे बिहीचे फळ व कोबी दोऱ्याने टांगलेले असून खाली कापलेले खरबूज व काकडी ठेवली आहे. बिहीपासून काकडीपर्यंत नजर एका वळणदार रेषेत हळूहळू खाली उतरते. काकडीचे टोक कोनाड्याच्या कडेबाहेर आलेले आहे. हात पुढे करावा आणि ती उचलावी, असा भास होतो. जिन्नस टांगून ठेवण्याची रीत मात्र कल्पनेतली नव्हे. ते लवकर नासू नयेत म्हणून तेथील घरांत ते असेच शिंक्याप्रमाणे टांगीत असत. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील चित्रावर १६०२ हे साल आहे. त्यात पक्षी, लिंबे, सफरचंदे, गाजरे व मुळे आहेत आणि कडेला कार्डून या भाजीचे लांब, पांढरट देठ आहेत.

पुढच्याच वर्षी, १६०३ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कोतान यांनी मृत्युपत्र केले, तोलेदो सोडले आणि ग्रानादा येथील कार्थुसियन मठाची वाट धरली. संत ब्रुनो यांनी १०८४ साली स्थापिलेला हा संघ एकांत, मौन आणि मांसवर्ज्य आहार यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे ते धर्मगुरू न होता साधे धर्मबंधू म्हणून राहिले. मठासाठी त्यांनी प्रभूच्या अखेरच्या भोजनाचे चित्र काढले. संघाचा इतिहास आणि आठव्या हेन्रीच्या काळातील इंग्लंडच्या कार्थुसियन हुतात्म्यांचा छळही रंगविला. भोजनगृहाच्या भिंतीवर त्यांनी रंगविलेला क्रूस लाकडाचा समजून पाखरे त्यावर बसू पाहत, अशी आख्यायिका पुढील शतकातील चरित्रकार पालोमिनो यांनी नोंदविली आहे. ८ सप्टेंबर १६२७ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, ग्रानादा येथे त्यांचे देहावसान झाले.

हे चरित्र वाचून भाविक मनाला एक मोह होतो. मठातल्या विरक्ताने ध्यानमग्न होऊन कोबी रंगविला, असे म्हणण्याचा तो मोह. परंतु इतिहास तसे म्हणू देत नाही. यांतील बहुतेक चित्रे मठप्रवेशापूर्वीची आहेत. प्रपंचाच्या जगात राहणाऱ्या, ग्राहकांची मागणी पुरविणाऱ्या एका व्यावसायिकाने ती काढली आहेत.

आमच्या मते हे सत्य त्या गोड कल्पनेहून अधिक मोलाचे आहे. निर्मात्याच्या देणगीकडे स्थिर नजरेने पाहण्यासाठी आधी मठाचे दार ओलांडावे लागते, असे नाही. ती नजर कोतान यांना बाजारपेठेच्या नगरीतच लाभली होती. मठात तिला फक्त निवांत घर मिळाले.

काळाचा न्यायही नवलाचा आहे. त्या दिवसांत भाजीपाल्याचे चित्र कलेच्या सर्वांत खालच्या पायरीवर मानले जाई. १८३५ च्या सुमारास स्पेनमधील मठ सरकारने बंद केले व त्यांतील कलाधन विखुरले. आज जगभरचे रसिक कोतान यांच्या धार्मिक चित्रांपेक्षा त्या कोबीपुढेच अधिक वेळ थांबतात. ज्या स्वयंपाकघरात आपण रोज भाजी निवडतो, तेथेही असे क्षणभर थांबता येईल.